भाकरीवर मोजलेलं इंटरनेट

गुणाकाकीला आमच्या भिवंडीजवळच्या पूर्णा गावात सगळे साधी बाई म्हणत. म्हणणाऱ्यांनी तिचा राग पाहिला नव्हता. ती भांडत नसे. भांडणाऱ्या माणसाचा राग दोन दिवसांत निवतो, आणि काकीला आपला राग निवायला नको असे.

ती माझ्या धाकट्या काकाची बायको. काका वारला तेव्हा मितेश दहावीत होता आणि उन्नती सातवीत. जमिनीच्या तुकड्यावर एक लहान गोडाऊन होतं, त्याच्या भाड्यावर तिने दोघांना वाढवलं. मितेश पुढे शारजाला एका वखारीत सुपरवायझर म्हणून गेला. मी क्षितिजा, तिच्या शेजारच्याच घरातली पुतणी. गावातल्या एका गोडाऊनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर पावत्या टाकायचे, म्हणून कॉम्प्युटरचं काहीही अडलं की काकी भिंतीपलीकडून हाक मारायची, "क्षितिजे, ये गो जरा!"

२००६च्या मे महिन्यात उन्नतीचं लग्न ठरलं. मितेशला सुट्टी मिळाली नाही. बाप नाही आणि एकुलता एक भाऊ परदेशात, म्हणून उन्नती रोज रडायची. शेवटी मीच सुचवलं, की घरी इंटरनेट घेऊ, कॉम्प्युटरवर कॅमेरा लावू आणि मितेश तिथून हळद बघेल. गावात तेव्हा इंटरनेट देणारा एकच माणूस होता. तो म्हणजे बाळाराम, काकीचा चुलत दीर. टीव्हीची केबल त्याची आणि त्याच केबलमधून येणारं इंटरनेटही त्याचंच. गच्चीवरून गच्चीवर त्याच्या काळ्या वायरी गेलेल्या. त्या वायरींना जोर देणारी बूस्टरची पेटी तर काकीच्याच गच्चीवर होती आणि काकीच्याच मीटरवर चालायची. भावकीतला माणूस म्हणून तिने कधी तक्रार केली नाही. इंटरनेटही त्याच्याकडूनच घेतलं.

चूक झाली ती आमंत्रणाची. आमच्याकडे भावकीला बोलवायचं तर घरात जायचं, टेकायचं, हातात सुपारी द्यायची. नुसती पत्रिका टाकली तर बोलावलंच नाही असं धरतात. काकीचा भाऊ दाजी सगळीकडे सुपारी घेऊन फिरला. बाळाराम घरी नव्हता. दाजीला उन्हाचा कंटाळा आला आणि त्याने पत्रिका न् सुपारी केबलच्या ऑफिसातल्या नोकराच्या हातात ठेवली. काकीला हे हळद झाल्यावर कळलं. बाळारामला त्याच दिवशी कळलं होतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात उन्नती पाटावर बसली. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने गाणं धरलं. ओट्यावर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि पडद्यावर मितेश. अर्धी शिफ्ट सोडून, नवा शर्ट घालून तो तिकडच्या सायबर कॅफेत बसला होता. उन्नतीने हात हलवला, त्यानेही हलवला. हळदीची पहिली बोटं तिच्या गालाला लागायच्या आत पडदा काळा झाला.

मी सगळं करून पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर काढून लावली. मग गच्चीवर गेले तर बूस्टरचा हिरवा दिवा व्यवस्थित जळत होता आणि काकीच्याच घरात उतरणारी वायर तेवढी उपटून लोंबत ठेवलेली. मितेशचे फोन येत होते. "आये, काय दिसत न्हाय. काला झालाय." दर पाच मिनिटांनी. काकी म्हणायची, "बस बाला, आता येल." तो दोन तास बसला. इकडे हळद लागली, नाचून झालं, पंगत बसली, तरी तो बसलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्न लागायच्या आत, काकी स्वतः सुपारी घेऊन बाळारामच्या दारात गेली. मी बरोबर होते. आठ-दहा माणसं बसलेली. तिने दाजीची चूक कबूल केली, पदर पुढे घेऊन वाकली. बाळारामने सुपारीला हात लावला नाही. म्हणाला, "वहिनी, ज्या घरात माझा मान न्हाय, त्या घरात माझी वायर न्हाय." बसलेली माणसं हसली. मला त्या सगळ्यांची नावं अजून पाठ आहेत.

वाटेत मी म्हटलं, "काकी, बूस्टर आपल्या गच्चीवर हाय. आत्ता जाऊन उपटते. सगळ्या गावाचा टीव्ही बंद पडू दे."

"नको," ती म्हणाली. "मंग गाव माझ्यावर उलटंल. ता बाळारामवर उलटायला पायजे." थोडं चालल्यावर म्हणाली, "काल्या काचेसमोर बसना काय असता, ता त्याला कलला पायजे. बस. मना दुसरा काय नको."

एवढंच तिचं मागणं होतं. पण त्यासाठी तिने काय काय केलं ते ऐका.

आधी तिने मला विचारलं की केबलशिवाय इंटरनेट येतं का. मी सांगितलं, टेलिफोनच्या तारेवरून येतं, त्याला डीएसएल म्हणतात. भिवंडीत आलंय, आपल्याकडे नाही, कारण एक्स्चेंजपासून तार जितकी लांब तितका वेग कमी. गावातल्या टेलिफोनच्या पेटीत यंत्र बसवलं तरच जमेल. ती म्हणाली, "मंग चल टेलिफोनवाल्याकडं." टेलिफोन ऑफिसातल्या साहेबाने चष्म्यावरून पाहिलं आणि टाळायचं म्हणून सांगितलं, "गावातून तीस अर्ज आणा, मग बघू." काकीने त्याच्याकडून तीस कोरे अर्ज मागून घेतले. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता तीस घरांना पटवायचं होतं. मी ऑफिसातून कागद छापून आणला. केबलचा वेग इतका, फोनचा तितका. काकीने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि चुलीत घातला. "ह्ये कोनाला कलनार? मोजायचा तं आपल्या मापानी मोजू."

तिचं माप होतं तांदळाची भाकरी. मितेशने पाठवलेला एक भलामोठा फोटो होता, डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला. तो फोटो मी उघडायला लावायचा आणि त्याच क्षणी काकीने भाकरी थापायला घ्यायची. फोटो पुरा दिसेपर्यंत किती भाकऱ्या उतरल्या, तो त्या इंटरनेटचा वेग! मोजमापात खोट नको म्हणून ती आपला तवा, आपलं पीठ आणि आपली परात घेऊन फिरायची. फोनची लाईन तपासायला आम्ही भिवंडीला कामतघरात दाजीकडे गेलो. त्याच्याकडे डीएसएल होतं. रिक्षात तिच्या मांडीवर परात आणि माझ्या मांडीवर तवा. दाजीला वाटलं बहीण रागाने त्याच्या घरचं खायचीही बंद झाली. तिने त्याचा गैरसमज दूर केला नाही. तेवढी शिक्षा त्याला हवीच होती.

केबल तपासायला शेजारच्या मैनाकडे गेलो. तिच्याकडे बाळारामचंच इंटरनेट होतं. आणि इथे माझी पंचाईत झाली. सकाळी दहा वाजता केबलवर फोटो अर्ध्या भाकरीत उघडला. फोनवर दीड भाकरी लागली होती. मी काकीच्या कानात म्हटलं, "हे सांगायला नको."

"का नको? सांगू की." आणि संध्याकाळी पुन्हा परात घेऊन मैनाकडे गेली. आठ वाजता गावातली सगळी पोरं एकाच वायरीवर बसतात, सगळ्यांत मिळून एकच नळ असल्यासारखं होतं. आठ भाकऱ्या झाल्या. फोटोत मितेशच्या कपाळापर्यंतच गाडी आली होती. पीठ संपलं. फोनच्या तारेवर, जी एका घराची एकट्याचीच असते, सकाळी दीड भाकरी आणि संध्याकाळीही दीडच.

वर लोडशेडिंग. त्या वर्षी दिवसातून दोनदोनदा वीज जायची, आणि बाळारामच्या ऑफिसाची लाईन वेगळ्या फीडरवर. आमचे दिवे असले की त्याच्याकडे अंधार, त्याचे दिवे असले की आमच्याकडे, आणि बूस्टर आमच्याच विजेवर, म्हणून केबल दोन्ही वेळा बंद. फोनच्या तारेची खोडही काकीने लपवली नाही. पावसात जोडात पाणी शिरतं आणि लाईन चार दिवस मुकी होते, हे ती प्रत्येक घरात सांगायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "खोटा सांगून जिकला तं तो बोलंल गुणीनी फसवला. त्याला बोलायला कायच ठेवायचा न्हाय."

बायकांना सगळं पटलं. कोणाचा मुलगा जहाजावर, कोणाचा दीर मस्कतला, आणि ही माणसं ड्युटी संपवून संध्याकाळीच बोलतात. सकाळची अर्धी भाकरी कोणाच्या कामाची? पंधरा दिवसांत अठरा अर्ज झाले. तिथे गाडी अडली. बाळारामने गावात सांगून ठेवलं की जो फोनचं इंटरनेट घेईल त्याचा टीव्हीही कापीन. लोक घाबरले. टीव्हीशिवाय कोण राहणार?

मग त्याने स्वतःच आमचं काम केलं. धाक बसावा म्हणून त्याने मैनाच्या टीव्हीची वायर कापली, तीही साडेआठच्या मालिकेच्या मधोमध. मैनाच्या घरी त्या वेळी सहा बायका बसलेल्या असतात हे त्याला माहीत नसावं. त्या सहाही जणी तशाच उठून काकीच्या ओट्यावर आल्या. मैनाने आल्या आल्या शिव्यांना सुरुवात केली. मी ऐकल्या, तोंडपाठ केल्या, इथे लिहीत नाही. तिच्या घरावर दोन दिवसांत टीव्हीची डिशची छत्री लागली, आठवड्यात गावभर छत्र्या दिसू लागल्या. अर्ज चौतीस झाले. साहेबाला शब्द पाळावा लागला.

गणपतीनंतर पेटीत यंत्र बसलं. ज्या दिवशी काकीच्या घरात फोनच्या तारेवर मितेश दिसला, त्याच दिवशी काकीने बाळारामला निरोप धाडला, की तुमचा बूस्टर उतरवून न्या. तो स्वतः आला नाही. नोकर येऊन पेटी काढून घेऊन गेला. दिवाळीपर्यंत त्याचं केबलचं इंटरनेट बंद पडलं आणि टीव्हीचे ग्राहक बोटांवर मोजण्याइतके उरले. मी पेढे आणले. काकीने एकही खाल्ला नाही.

"त्याचा धंदा बुडला," ती म्हणाली. "पन त्याला कलला कुठं?"

ते कळायला दीड वर्ष जावं लागलं. बाळारामचा एकुलता एक मुलगा प्रितेश बायकोला घेऊन दोह्याला गेला होता. तिथेच त्याला मुलगी झाली, बाळारामचं पहिलं नातवंड. बारसं तिकडेच. बाळारामने फोनचं इंटरनेट घरात घेणार नाही अशी शपथ घेतली होती, ती त्याच्याच गळ्यात आली. त्याची बायको रंगूबाई गुपचूप काकीकडे आली. म्हणाली, "गुणे, एकदा दाखव गो पोरीला." काकीने तिचा हात धरला. "शुक्रवारी ये. चारला."

शुक्रवारी रंगूबाई नवी साडी नेसून आली. तिच्यामागे बाळाराम. इस्त्रीचा शर्ट, हातात चांदीचा वाळा, तो कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचा बेत असावा. त्याने दारात चपला काढल्या. काकी उंबऱ्यात उभी राहिली.

"भावजी, मी रंगूबाईला बोलावलंय."

एवढंच. ती ओरडली नाही की तिने दार लावलं नाही. रंगूबाई मधल्या मधे थिजली, मग आत आली, कारण आत नात होती. बाळारामने चपला पुन्हा घातल्या आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आमच्या कॉम्प्युटरची पाठ खिडकीकडे असते. त्याला काळी काच आणि वायरी दिसत होत्या. आवाज मात्र सगळा ऐकू येत होता.

पडद्यावर प्रितेश आला, त्याची बायको आली, मग पाळणा. पाळण्यात बाळ मुठी चोखत होतं. रंगूबाईने दोन्ही हात काचेला लावले. नाव ठेवलं, बायकांनी कुर्र केलं, बाळ रडलं. खिडकीतून आवाज आला, "कोनासारखी हाय गो?" रंगूबाई वळली. काकी शांतपणे म्हणाली, "समोर बघ, रंगू. लाईन कदी जाईल सांगता येत न्हाय." रंगूबाई पुन्हा समोर बघू लागली. प्रितेशने विचारलं, "आये, बाबा कुठं हायत?" गज धरलेली बोटं तेवढी मला दिसत होती.

मला पडदा वळवता आला असता. टेबलाला चाकं होती, एका हाताने फिरलं असतं. मी वळवला नाही. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फार बरं वाटलं.

अर्धा तास झाला आणि बाळाराम निघून गेला. चांदीचा वाळा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गेला होता. तो काकीने रंगूबाईच्या ओटीत घातला, तिला चहा पाजला आणि कोपऱ्यापर्यंत सोडून आली.

त्या संध्याकाळी मितेश बोलायला आला तेव्हा त्याला सगळं आधीच कळलं होतं, प्रितेशने सांगितलं असणार. तो म्हणाला, "आये, काकाला आत घ्यायचा होता. नात हाय ती त्याची. जाऊ दे आता, झाला ना सगला?"

काकी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तू दोन तास बसलेलास, बाला. तो अर्धाच तास उभा राहिला."