कोरडा सांधा

सहा वर्षांत सूर्यभान एकदाही गावाबाहेर मुक्कामी राहिला नव्हता. धरणाचं पाणी वस्तीला तिन्ही बाजूंनी वेढून होतं. चौथ्या बाजूनं रस्ता होता, पण जिंतूरला जायचं तर लांबचा वळसा पडे. नावेनं वीस मिनिटं. दूध, शाळेचे मास्तर, अडलेल्या बाया, सगळं त्या लोखंडी नावेतूनच पलीकडे जाई. आणि नावेचं इंजिन सूर्यभानशिवाय कुणाच्या हातानं सुरू होत नसे.

इंजिन तसं विहिरीवरचं. अशीच इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची निम्मी उमर गेलेली, म्हणून गावानं नावेचं काम त्याच्या गळ्यात घातलं. पण पाण्यावर आल्यापासून इंजिन बिघडलं होतं. थोडा वेळ बंद राहिलं की हटून बसे. पंपाचा स्क्रू ढिला करून फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, फेस थांबला की आवळायचा, आणि हवा परत शिरायच्या आत जोर लावून हँडल मारायचं. त्या क्षणाचा अंदाज फक्त त्याच्या हातांना होता. सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटे. नंतर सकाळी घाटाकडे जाताना पाय जड होऊ लागले.

पुण्याला दिलेल्या लेकीच्या, प्रियांकाच्या, पहिल्या बाळंतपणाला जायला तो पिशवी घेऊन घाटावर आला होता. त्या दिवशी दूध नेणारा परमेश्वर नाव चालवणार होता, पण इंजिन पेटेना. नावेत तापानं फणफणलेला एक म्हातारा झोपवलेला. सूर्यभाननं पिशवी खाली ठेवली, ती ठेवलीच. नात आता चार वर्षांची झाली होती आणि तिनं आजोबाला मोबाईलमध्येच पाहिलं होतं.

या खेपेला डॉक्टरांनी सोमवार दिला होता. प्रियांका फोनवर एवढंच म्हणाली, "आई आलीय. तुमी बघा, जमलं तर." या, असं काही ती म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी हँडलनं उलटा झटका दिला आणि सूर्यभानचं मनगट बघता बघता सुजलं. परमेश्वरनं दुधाचे कॅन बाजूला सारले, हँडल हातात घेतलं. दहा-बारा वेळा फिरवून तो फळीवर बसला.

"भाऊ, ह्याला तुमीच पायजे. लगनाची बायको बी इतकी धरून राहत न्हाई."

"हवा काढली का?"

"दोनदा काढली. पुन्हा भरायलीय."

सूर्यभान डाव्या हाताचं बोट नळीवरून फिरवत गेला. टाकी, फिल्टर, पंप. सगळे सांधे कोरडे. सहा वर्षं तो हेच करत आला होता. विहिरीवर जिथं सांधा सैल असे तिथं डिझेल पाझरे, त्यावर धूळ बसे, खोट लांबून दिसे. इथं कुठंच ओल नव्हती.

लसीचा डबा मांडीवर घेऊन बसलेली गावची आशा सेविका बबिता वाकून बघू लागली. "मामा, टाकी फळीखाली कशापायी ठेवलीत? आमी सलाईनची बाटली वर टांगतो. खाली ठेवली तर थेंब चढंल का?"

"पंप वढतो न्हवं," तो म्हणाला, आणि तिथंच थबकला.

विहिरीवर टाकी इंजिनाच्या डोक्यावर असे. डिझेल वरून खाली येई. नावेत दुधाच्या कॅनला जागा व्हावी म्हणून टाकी फळीखाली त्यानंच बसवली होती. इथं पंप डिझेल ओढत होता, आणि ओढणाऱ्या नळीचा सांधा सैल असला तर बाहेर काही येणार नव्हतं. आत हवा जाणार होती.

"परमेश्वर, टाकी वर बांध. छपराच्या दांडीला."

लांब नळी जोडून टाकी वर टांगली. सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं फिल्टरच्या बोल्टाखाली एक थेंब जमला, लोंबला आणि पडला.

त्या बोल्टाखालचं तांब्याचं वायसर दाबून दाबून कडक झालं होतं. सूर्यभाननं ते काठावरच्या चहावाल्याच्या शेगडीत लाल होईतो तापवलं, पाण्यात बुडवलं. मऊ झालेलं वायसर परमेश्वरनं बसवलं. हवा काढून हँडलचे दोन फेरे मारले आणि इंजिन धडधडू लागलं.

"सहा वर्षं ह्या पैशाएवढ्या तुकड्यानं..." परमेश्वर हसत म्हणाला.

"टाकी मी खाली बसवली व्हती," सूर्यभान म्हणाला. बबितानं डबा उगाच सरळ केला.

रविवारी परमेश्वरनं त्याला पलीकडे सोडलं. सूर्यभाननं मुद्दाम इंजिन बंद करायला लावलं आणि चहा पिऊन होईपर्यंत काठावर थांबला. मग परमेश्वरनं हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. त्यानं मागं न बघता नाव वळवली.

जिंतूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागायच्या आधी सूर्यभाननं फोन लावला. "निघालो, बाई."

प्रियांकानं विचारलं, "मंग नाव कोन चालवायलंय?"

"परमेश्वर."

"चालली का त्याच्यानं?"

"चालली."

"म्हंजे तवाबी चालली असती, आप्पा."

त्यानं सुजलेलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. गाडी फलाटाला लागत होती, लोक दाराकडे पळत होते.

"हो," तो म्हणाला. "चालली असती."