आबांचा मोहरीचा सॉस

आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला त्या वर्षी आबांनी शेवटची शेळी कापायचं ठरवलं. आबा म्हणजे माझे सासरे. चारा कुठंच नव्हता, शेळी उभी राहिली की तिचे मागचे पाय थरथरायचे. "उपाशी मरू द्यायची त्यापेक्षा आपण खाऊ," आबा म्हणाले. सासूबाईंनी शेळीला ओंजळीनं पाणी पाजलं आणि घरात निघून गेल्या.

नगरहून जामखेडला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि मला दिवस गेले होते. हे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मुकादम होते. आबांची सगळी हयात नगरच्या लष्करी कँपात, साहेब लोकांच्या मेसमध्ये आचारी म्हणून गेली होती. गावी आल्यावर भाकरी-कालवणात त्यांचं मन रमत नसे, पण सासूबाई त्यांना चुलीजवळ फिरकू देत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, बाभळीचे निखारे केले आणि म्हणाले, "आज साहेबाचं जेवण करतो. कोळशावर मटण आणि वरून मोहरीचा सॉस."

मोहरी त्यांनी आठवडे बाजारातून आणली होती, चांगली पायलीभर. विकणारा कुणी परका माणूस होता आणि भाव त्यानं अगदी पाडून लावला होता. बाजारात त्या दिवसांत वांगं बघायला मिळत नव्हतं. मोहरीचं पोतं मात्र तोंडापर्यंत भरलेलं होतं.

आबांनी ती मोहरी आदल्या रात्रीच कँपातून आणलेल्या सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजत घातली होती. सकाळी सासूबाईंनी ती पाट्यावर वाटली. मग लसूण, सुंठ, लाल मिरची, मीठ आणि गुळाचा मोठा खडा घालून आबांनी ते सगळं पितळी पातेल्यात मंद आचेवर ठेवलं. ते सारखं ढवळत राहिले. पळीला चिकटून राहील इतकं दाट झालं तेव्हा त्यांनी बोटावर घेऊन चाटलं आणि कपाळाला आठी घातली.

सासूबाई म्हणाल्या, "कडू लागतंय व्हय? वाटतानाच मला वास लई उग्र आला."

"मोहरी कडूच असते. गूळ वाढव."

गूळ वाढवला. मटणाच्या तुकड्यांना सॉस माखून आबांनी ते निखाऱ्यांवर धरले. तो वास अंगणात पसरला आणि मी गोठ्यामागं जाऊन ओकले. त्या दिवशी मी जेवले नाही आणि नंतरही तो सॉस कधी माझ्या तोंडात गेला नाही.

मटण संपलं, सॉस उरला. चिनीमातीची मोठी बरणी भरून. रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी कोरडी घशाखाली उतरत नसे, आणि कालवणाला घरात काही नव्हतं. मग रोज दोन्ही वेळा भाकरीवर सॉस. बरणी संपत आली की आबा पुन्हा पातेलं चढवत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई त्यांच्या हातचं खात होत्या. "कडू हाय, पर भाकरी सरती," म्हणायच्या. आबांचा चेहरा तेवढ्यानंही खुलायचा.

उन्हाळा लागला तसे घरातल्या तिघांचेही पाय सुजायला लागले. आधी यांचे. कामावरून आले की वहाण निघेना. उन्हात उभं राहून झालं असेल, असं आम्ही धरलं. मग सासूबाईंचे पाय सुजले. त्या तर घरातच असायच्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी लाल, तापलेली. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तिघांनाही हगवण लागली. माझे पाय मात्र धड होते. भरल्या दिवसांची बाई ती मी, सुजायला हवे होते ते माझेच. शेजारणी यायच्या, तिघांच्या पायांकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. हळूहळू त्यांनी आमच्याकडचं पाणी प्यायचं सोडलं.

आबांना धाप लागायला लागली. बाजेवर आडवं होता येईना. बसूनच डुलकी घ्यायचे. एका सकाळी मला म्हणाले, "पोरी, दिव्याभोवती रंग दिसत्यात गं. लाल, हिरवं. तुला दिसतंय का?"

देव्हाऱ्यातला दिवा साधाच जळत होता. मी नाही म्हटलं.

त्याच दिवशी यांनी एक ट्रक थांबवला आणि तिघं नगरच्या दवाखान्यात गेले. बरोबर मीही गेले. डॉक्टर पोक्त होते. त्यांनी तिघांचेही पाय दाबून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल कुठलं खाता?"

"करडईचं," हे म्हणाले.

"मोहरीचं नाही?"

"न्हाई. आमच्याकडं कोण खातंय मोहरीचं तेल?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही? हे जेवतात तेच जेवता ना?"

"सगळं तेच. फक्त मोहरीचा सॉस नाही खात. मला वास सोसत नाही."

त्यांनी उरलेली मोहरी मागवली. हे दुसऱ्या दिवशी एक पुरचुंडी घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर दाणे पसरले आणि नखानं एकेक चिरडला. काही दाणे आतून पिवळे निघाले, बरेचसे पांढरे. पांढरे निघाले ते वरून खरखरीत होते.

"हे पिवळ्या धोत्र्याचं बी," ते म्हणाले. "कुणीतरी मोहरीत मिसळलंय. याच्या तेलातल्या विषानंच अशी सूज येते."

पिवळा धोत्रा मला चांगला ठाऊक होता. पांढरट काटेरी पानं, पिवळी फुलं. त्या वर्षी पडीक रानात तेवढंच टवटवीत होतं. उपाशी शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नव्हत्या.

डॉक्टरांनी सॉस बंद करायला सांगितलं. हे बरे झाले. सासूबाईंची सूज ओसरली. आबांचं हृदय मात्र सावरलं नाही. एका दुपारी बाजेवर बसल्या बसल्या ते गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले, तर त्यांची मान भिंतीला टेकलेली होती.

मोहरी यांनी जाळली. सॉसही टाकून दिला, असं आम्हाला वाटत होतं.

पावसाळ्यात मला मुलगा झाला. त्या वर्षी पाऊस बरा होता आणि लोकांच्या तोंडावर जरा कळा आली होती. पण दिवाळीनंतर सासूबाई पुन्हा पाय ओढत चालायला लागल्या. मी लुगडं जरा वर करून पाहिलं. घोटे लाल होते.

"आत्याबाई, काय खाताय तुम्ही?"

"तू घालतीस तेच." त्यांनी लुगडं खाली ओढलं.

मी घर शोधलं. पिठाचे डबे, फडताळ, सरपणाची खोली, कणगीची खोलीसुद्धा. काही सापडलं नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, वय झालंय, सुजत असतील. पण त्या रोज दुपारी कणगीच्या खोलीत जात, दार लोटून घेत आणि पदरानं तोंड पुसत बाहेर येत. बाळ त्यांच्या मांडीवर असायचं. मला झोप लागेनाशी झाली.

बाळाच्या उष्टावणाच्या दिवशी मी खीर शिजवत होते. हे पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेले होते. बाळ एकदम गप्प झालं. त्या गप्प होण्यानंच मी उठले. कणगीच्या खोलीचं दार ढकललं. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पुढ्यात कणगीतल्या दाण्यांतून उपसलेली आबांची चिनीमातीची बरणी आणि त्यांच्या बोटाला तो पिवळा सॉस. बाळानं तोंड उघडलं होतं.

मी बाळ ओढून घेतलं. त्यांचं बोट तसंच वर राहिलं.

"त्याच्या आजाच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "नातवानं चाखू न्हाई व्हय?"

"यानंच आबा गेले, आत्याबाई!"

"तसं म्हनू नगस!" त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "जलमभर साहेबांना खाऊ घातलं त्यांनी. एकाला बी बाधलं न्हाई. मला त्यांनी कदी खाऊ घातलं? ह्ये येवढंच. अन् तू म्हंतीस त्ये इख हुतं?"

बाळ रडायला लागलं. मी पदरानं त्याचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत होते. सासूबाई बघत राहिल्या, मग त्यांनी आपलं बोट कणगीखालच्या दगडावर घासलं.

"लागलं का गं त्येच्या तोंडाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

त्या बरणी घेऊन स्वतः परसात गेल्या. मी बाळाला घेऊन मागोमाग गेले. खुरप्यानं त्यांनी खड्डा केला, बरणी उपडी केली. तळाशी उरलेला सॉस घट्ट झाला होता, पडेना. काडीनं खरवडून त्यांनी तो काढला, वर माती लोटली आणि पायानं दाबली. सुजलेला पाय दाबताना कण्हत होत्या. रस्त्याकडून पाहुण्यांचे आवाज यायला लागले तेव्हा म्हणाल्या, "खीर लागंल खाली. जा."

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. नातवाचं लग्न बघून गेल्या. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. घरात मोहरी आली की त्या सुपात घेऊन उंबऱ्यात बसायच्या आणि एकेक दाणा नखानं चिरडून बघायच्या. दृष्टी गेल्यावर सूप माझ्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "आतून कसा हाय गं?"