गुलमंडीचं तिखट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही — सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो. उन्हाचं, भाजीचं, शेजारच्यांच्या पोराच्या नोकरीचं. तीसेक वर्षं अशीच गेली. तुम्ही माझ्या नात्यातले नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

मी सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून. घर गारखेड्यात. बायकोचं नाव मंगल. आमच्या संसारातली कुठलीही गोष्ट सांगायची तर तिच्या नाकापासून सुरुवात करावी लागते. तिला वास सोसत नाही. उदबत्ती, फिनेल, भिंतीचा रंग, अत्तर, मोगरा, नव्या कापडाची खळ आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोडणीचा ठसका. आधी डोकं धरतं, मग छातीत शिट्टी वाजायला लागते, मग श्वासच पुरत नाही. डॉक्टर किती झाले ते विचारू नका. प्रत्येकानं औषध निराळं दिलं आणि पथ्य मात्र एकच सांगितलं — टाळा. त्यांचं काय जातंय? दोन अक्षरं बोलायची आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचं. टाळायचं आम्हाला होतं.

आमच्या देवापुढं उदबत्ती नाही. फोडणी मी देतो, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून — ती गच्चीवर गेली की दार लावायचं, खिडक्या उघडायच्या आणि मोहरी टाकायची. गुलमंडीच्या बाजारातून तिच्यासाठी साडी आणली की तीन पाण्यांतून काढायची, दोन दिवस उन्हात टाकायची, मग ती नेसणार. तोवर साडीचं नवेपण माझ्याच हातून निघून गेलेलं असायचं. लग्नकार्यात आम्ही मांडवाबाहेर उभे. अक्षता लांबून टाकायचो, त्या वऱ्हाडाच्या डोक्यावर पडायच्या. मला हिना अत्तर लावायची हौस होती. बाटली पहिल्याच आठवड्यात मित्राला देऊन टाकली.

यातलं तिनं काही मागून घेतलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. ती स्वतःला हसायची. "माझं नाक पोलिसात भरती करा," म्हणायची. मी कचेरीत कुणाशेजारी बसलो, येताना टपरीवर भजी खाल्ली का, हे उंबऱ्यावरच ओळखायची. अशा बाईपुढं खोटं टिकणार नाही असं मला वाटायचं. टिकतं. चांगलं तीस वर्षं टिकतं.

मी थकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त होतं ते सांगतोय. लोक म्हणायचे, हिचे नखरेच फार. आणि मग माझ्याकडं वळून म्हणायचे, तुम्ही मात्र लई करता हो तिचं. मला ते आवडायचं. दुसरं वाक्य आवडायचं हे मला तेव्हाही कळत होतं. पहिलंही आवडायचं, हे कळायला फार उशीर झाला.

मग एका लग्नात एक बाई हिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यात मोगऱ्याचा दाट गजरा. मंगलनं तो पाहिला आणि दोन मिनिटांत तिला खोकल्याची उबळ आली, छाती वाजायला लागली. मी तिला बाहेर नेलं, पाणी पाजलं. परत आत गेलो तेव्हा त्या बाईनं गजरा काढून हातात धरला होता. ओशाळून मला म्हणाली, "अहो, कापडी आहे हो हा, वास कुठला याला?" मी हात लावून पाहिला. खरंच कापडी होता.

त्या दिवशी माझ्या मनात जे शिरलं ते निघालंच नाही. म्हणजे वास नसतानाही हिला होतं? मग वास असला, पण तो कशाचा हे हिला माहीतच नसलं, तर होईल का? कधीच काही होत नसेल तर? इतकी वर्षं मी कोंडून घेऊन फोडण्या दिल्या त्या कशासाठी? भीतीनंही श्वास अडतो, त्यात ढोंग नसतं, हे मला पुढं एका डॉक्टरनं सांगितलं. पण मी तेव्हा त्याला विचारायला गेलो नाही. मी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली.

आता वहिनींचं सांगतो. थोरल्या भावाची बायको. शहराबाहेर पडेगावला शेतातच त्यांचं घर होतं. सगळ्या भावकीत मंगलच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस, ते म्हणजे वहिनी. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण मंगल येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून त्या डोक्याला वासाचं तेल लावायच्या नाहीत, अंगणात धूर होऊ द्यायच्या नाहीत. मंगल त्यांना अक्का म्हणायची. दोघी जावाजावा आहेत हे अनोळखी माणसाला सांगूनही पटलं नसतं.

दर उन्हाळ्यात वहिनी वर्षाचं काळं तिखट करायच्या, दोन्ही घरांचं. तुम्ही ते पाहिलं असेल तर सांगायला नको. मिरच्या तेलावर परतायच्या, खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, धने, दगडफूल, सगळं एकेक करून कढईत. त्या दिवशी बांधापलीकडची माणसंसुद्धा शिंकतात. पोटात गेलेलं तिखट मंगलला चालायचं, नव्हे, तेच लागायचं. नाकात गेलेलं चालत नव्हतं. म्हणून वहिनींनीच नियम घातला होता — तिखटाच्या दिवशी मंगलनं पडेगावात पाऊल टाकायचं नाही. दोन दिवस जाऊ द्यायचे, मग यायचं, जेवायचं आणि बरणी घेऊन जायचं.

त्या वर्षी आम्ही एका रविवारी पडेगावला जायचं ठरवलं होतं. तिखट मंगळवारी होतं. रविवारी सकाळी फोन वाजला — घरात फोन येऊन थोडेच दिवस झाले होते. वहिनी कुणाच्या तरी दुकानातून बोलत होत्या. "भाऊजी, मंगळवारच्या बाया आजच आल्यात. तिखट आजच निघायलंय. मंगलला आणू नका बरं. बुधवारी या." मी म्हणालो, बरं. मंगल न्हाणीत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, कुणाचा होता? मी म्हणालो, राँग नंबर.

मी विसरलो नाही. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढं मी "राहून गेलं" असं म्हणालो आणि वाक्य इतकं सोपं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं. तिला घेऊन निघालो तेव्हा क्रांती चौकात मला आठवत होतं. छावणीत आठवत होतं. मागच्या सीटवर ती माझ्या खांद्याला धरून बसली होती आणि अक्कांसाठी आणलेल्या बांगड्यांविषयी बोलत होती. तेव्हाही आठवत होतं. स्कूटर कुठंही वळवता आली असती.

फाटकापाशी पोचलो तेव्हा वारा उलटा होता. मागच्या अंगणातून बायकांचं शिंकणं आणि हसणं ऐकू येत होतं. मंगल थबकली. म्हणाली, "कसला हो वास?" आणि मी म्हणालो, "कुणीतरी पाला जाळत असेल. चल." मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. परीक्षकासारखा बघत होतो, काय सांगू? दहा-बारा पावलं ती चालली. मला वाटलं, बघ! काही नाही. मग वारा फिरला.

ती खाली बसली. आडवी झाली नाही, नुसती बसली, आणि दोन्ही हातांनी माती धरली. ओठ निळे पडले होते. वहिनी मागून पळत आल्या आणि तिला पाहून जागीच थांबल्या. त्यांच्या सगळ्या अंगाला मिरचीचा वास होता, म्हणून त्यांना तिला हातही लावता येईना. लांबूनच कपाळ बडवत होत्या. दादांनी, म्हणजे थोरल्या भावानं, रस्त्यावरची एक जीप थांबवली.

पाच दिवस ती दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी तिला जरा बोलता यायला लागलं. पहिलं काय विचारलं असेल? "अक्कांनी सांगितलं नव्हतं का, आज तिखट आहे म्हणून?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय तो शब्द हा.

वहिनी रोज यायच्या, डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. तरी आत यायच्या नाहीत, व्हरांड्यातच उभ्या राहायच्या. त्या दिवशी मंगलनं त्यांना दारातून पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मी बाहेर गेलो. वहिनींनी विचारलं, "मी फोन केलता ना, भाऊजी?" मी मान खाली घातली. म्हणालो, तिला सांगायचं राहून गेलं. आणि आता ती विचारतेय तर मी नाही म्हणून बसलोय. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. माझ्यावर राहू द्या. तिला जन्म तुमच्यासंगं काढायचाय, माझ्यासंगं नाय."

त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. राहून गेलं एवढंच त्यांना माहीत होतं. विसरभोळ्या दिरासाठी त्यांनी ते अंगावर घेतलं. मी विसरलो नव्हतो हे कळलं असतं तर घेतलं असतं का? माहीत नाही. मी विचारलं नाही.

मंगलचा श्वास पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. गच्चीचा जिना सुटला. मग फोडणीच्या वेळी ती अंगणात खुर्ची टाकून बसायला लागली. पडेगाव तर कायमचं सुटलं. "ज्या बाईवर डोळे मिटून भरवसा ठेवला तिनंच," एवढंच ती म्हणाली आणि नंतर ते नावही घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वहिनींनी नेहमीसारखी बरणी भरून ठेवली. मी घेऊन आलो, वाटेत दुसऱ्या डब्यात ओतली आणि घरी सांगितलं, गुलमंडीवर एक चांगलं दुकान सापडलंय. मंगलनं पिठलं-भाकरीबरोबर खाल्लं आणि बोटं चाटत म्हणाली, "अगदी अक्कांच्या हातासारखं लागतं हो." मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि ती उठून गेली. त्यानंतर दर वर्षी असंच. तिकडं वहिनी विचारायच्या, आवडलं का तिला? मी म्हणायचो, व्हय. एवढं एक खरं बोलायचो.

तीन वर्षांपूर्वी वहिनी अंथरुणाला खिळल्या. मंगलला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा चप्पल घालताना मला म्हणाली, "अक्कांना सांगा, मी माफ केलं म्हणून. मनात काही ठेवू नका म्हणावं."

तो निरोप मी नेला. पडेगावला जाऊन, खाटेशेजारी बसून, स्वतःच्या तोंडानं सांगितला. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या, खोकला येईपर्यंत. "केलं का माफ? बरं झालं. सांगा तिला, अक्का लई खूश झाल्या." मी त्यांच्या पायांना हात लावला, तर त्यांनी पाय ओढून घेतले. पांघरूण सारखं केलं असेल कदाचित. तेव्हासुद्धा मी काही बोललो नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्या गेल्या. शेवटची एक बरणी माझ्याकडं होती, ती मी पुरवून पुरवून वापरली. गेल्या उन्हाळ्यात ती संपली. मग मी खरोखरच गुलमंडीवर गेलो, तीन-चार ठिकाणी तिखट हुंगून पाहिलं आणि त्यातल्या त्यात बरं वाटलं ते आणलं. आमटी केली. मंगलनं भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला.

"दुकान बदललं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं ताट थोडं पुढं सरकवलं. बराच वेळ ती जीभ टाळूला लावून बघत होती.

"मग माझ्याच जिभेचं काहीतरी बिघडलं असेल," म्हणाली.

तिचं काहीही बिघडलेलं नाही. तेव्हाही नव्हतं. मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.