मामांची खुर्ची थेट कमळांपर्यंत गेली!

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आज मामांना घेऊन हिंगणीजवळच्या तळ्यावर पक्षी बघायला गेले होते. मामांचा एक पाय लहानपणीच पोलिओने गेला. पन्नासच्या दशकात ते याच तळ्याकाठी वाढले, पण चिखलात कुबडी रुतायची, म्हणून ते बांधावरच बसून राहायचे. थोरला भाऊ पाण्यापर्यंत जाऊन यायचा आणि सांगायचा, "तिथं एक पाखरू कमळाच्या पानावर चालते." मामांना वाटायचं, हा आपली गंमत करतोय.

आता तिथे पाण्यावरून लाकडी वाट केलीय, एकही पायरी नसलेली. मामांची चाकाची खुर्ची सरळ टोकापर्यंत गेली. टोकाला आडोसा बांधलाय, त्याची पक्षी बघायची खिडकीसुद्धा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली!

आणि समोरच कमळपक्षी! लांबलांब बोटं टाकत या पानावरून त्या पानावर.

"पोरी, हा तं खरंच चालून राह्यला वं!" मामा ओरडलेच.

तिथूनच त्यांनी तळेगावला भावाला फोन लावला. "दादा, दिसला गा तुझा पानावरचा पक्षी!"

पलीकडून दादा म्हणाले, "मंग मले काऊन नाई नेलं?"

दादांचे गुडघे आता चालू देत नाहीत. पुढच्या रविवारी दोघांनाही नेणार आहे. स्वच्छतागृहाला मात्र अजून पायऱ्या आहेत, ते तिथल्या रखवालदारांना सांगून आलेय.

तुमच्या घरात असं कोण आहे, ज्यांनी गावचं तळं फक्त दुसऱ्यांकडून ऐकलंय?