बागेत गेला तर दोन

मोठं काही दिसलं की आमच्या गावाची अक्कल गुडघ्यात जाते. त्या वर्षी मोठा पडदा दिसला.

रत्नागिरीच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, माती टाकून पीच करायचं आणि टेनिस बॉलच्या मॅची खेळायच्या, हा आमचा दरवर्षीचा उद्योग. धावफलक म्हणजे शाळेतून आणलेला फळा, आणि माइकवर मी. दर चेंडूला किती हव्यात, किती चेंडू उरलेत, हे मी ओरडून सांगायचो. आई म्हणायची, "तुला मेल्या माइक कशाला? तू घरात बोललास तरी खालच्या वाडीला ऐकू जातं."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका होऊ घातलेल्या पुढाऱ्याला अचानक क्रिकेटचं प्रेम आलं आणि त्याने मुंबईहून ट्रकभर व्हिडिओ पडदा पाठवलान. स्टेडियममध्ये असतो तसला! झालं, आमच्या मंडळाचे अध्यक्ष हरखून गेले. फळा आणायची गरज नाही. आणि मला म्हणाले, "यंदा तू जरा गप बस. पडद्याला स्वतःचा आवाज आहे."

आवाज होता ना. दर ओव्हरनंतर पुढारी हात जोडून उभा, मागे ढोलताशे. त्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रणसुद्धा मोजता आले असते. स्कोअर मात्र कोपऱ्यात, बोटभर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पडद्याच्या ऑपरेटरला मी विचारलं, "हे बनवतं कोण हो?"

"दिव्यांचे पाटे चीनचे, सांगाडा भिवंडीचा," तो ऐटीत म्हणाला.

"आणि अक्कल?"

अध्यक्षांनी मला दंडाला धरून मंडपात नेऊन बसवलं.

फायनलला आमची वाडी होती आणि कॅप्टन माझा धाकटा भाऊ. त्याचा कुवेतचा व्हिसा आला होता, चार दिवसांत निघायचं होतं. इतकी वर्षं खेळून कप एकदाही घरी आला नव्हता. जाण्याआधी तेवढा आणायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. आईने टीव्हीवरची फुलदाणी उचलून जागासुद्धा करून ठेवली होती.

आता आमचा एक नियम. सड्याच्या कडेला हापूसची बाग. मोहोर झडतो म्हणून बागायतदाराशी ठरलेलं, की चेंडू बागेत गेला तर दोनच धावा. म्हणजे हावरटासारखं कोणी तिकडे मारणार नाही. शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ऑपरेटरला कोण सांगणार? सांगायचं काम माझं, आणि मी मंडपात.

तीन चेंडू, आठ धावा. भावाने उचलून मारलान, चेंडू बागेत. पंचाने दोन बोटं दाखवली, पण पंचाकडे बघतो कोण! पडद्यावर फटाके फुटले, 'सिक्स' असं एवढालं आलं, आकडा सहाने वाढला. मी ओरडलो, "दोनच रे! सहा हव्यात अजून!" वर ढोलताशे. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

भावाने पडद्याकडे बघितलंन. त्याला वाटलं, यंदा एवढा थाट केलाय तर नियमही बदलला असेल. दोन चेंडू, दोनच धावा. पुढचा आला फुलटॉस, कमरेएवढा. एरवी त्याने तो समुद्रात घातला असता. त्याने अलगद ढकललान आणि दोन पळाला.

पडद्यावर 'विनर'. लोक आत घुसले, त्याला खांद्यावर घेतलंनी. पंच बिचारा हात हलवत मध्ये उभा. खाली उतरवून त्याला सांगितलं, एक चेंडू बाकी आहे, चार हव्यात. बॅट कोणाकडे होती तीही सापडेना. दांडी गुल.

बक्षीस समारंभात पुढाऱ्याने पडद्याबद्दल स्वतःचेच आभार मानून घेतले. अध्यक्ष म्हणाले, "खेळात असं व्हायचंच." डोंबल व्हायचंच! आईने फुलदाणी परत टीव्हीवर ठेवली. भाऊ गेला.

कुवेतला त्याला काम काय मिळावं? स्टेडियमात असलेच पडदे उभे करायचं. एकदा कामावरूनच फोन केलान, म्हणाला, "दादा, आम्ही पडद्याच्या मागं असतो. नुसत्या वायरी. मॅच काय दिसत नाय, लोक ओरडले की कळतं."

मग म्हणाला, "तो बागेतला. दोनच होत्या ना रे?"

"दोनच."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"माइक काढून घेतला होता माझा."

"तुला माइक कधीपासून लागायला लागला, दादा?"

मी ओरडत होतो रे, असं मी म्हणालो. तेवढ्यात त्याच्या पडद्यावर कसलीशी जाहिरात दणक्यात सुरू झाली. "काय? काय म्हणतोस?" तो विचारत राहिला.