पालथं ताट

देवमन कंडक्टरशी बसमध्ये सहसा कोणी भांडत नसे. तो काही धिप्पाड नव्हता, आवाजही बेताचाच. पण वाशीम-मालेगाव रस्त्यावरच्या प्रवाशांना ठाऊक होतं, की हा माणूस उभ्या उभ्या डोक्याइतकी उंच लाथ मारतो. सुट्या पैशांवरून हुज्जत न घालायला लोकांना तेवढं पुरे असतं.

एसटीत लागण्याआधी तो बंगलोरला फौजेच्या कॅंटीनमध्ये होता. तिथं मास्टर दौलतसिंग जवानांना तायक्वांदो शिकवत. ते स्वतः एका कोरियन उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. देवमन आधी चहाची किटली घेऊन नुसता बघायचा, मग मागच्या रांगेत उभा राहू लागला. लाल पट्टा मिळाला, काळा तेवढा राहिला, आणि तो गावी परतला. इथं त्यानं बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत सकाळचा वर्ग सुरू केला. गावानं त्याला लगेच 'लाथांची कुस्ती' म्हणून टाकलं. नावं ठेवायला मालेगावचा हात कोण धरणार!

मांजरपाटाचे पांढरे सदरे घालून पोरं रांगेत उभी राहत. देवमन कोरियन भाषेत हुकूम द्यायचा, "क्युंगने!" की सगळे कमरेत वाकत. मग देवमनही त्यांच्यापुढं तेवढाच वाके. या विद्येचा पहिला धडाच तो. लाथ नंतर.

त्याच्या बापाला, भिवाजीला, हे अजिबात रुचलं नाही. भिवाजीचं निम्मं आयुष्य बबनरावांच्या वाड्यावर राबण्यात गेलेलं. त्या घरच्या थोरल्यांपुढं जोहार घालायचा, गोठ्याजवळ बसून जेवायचं, ताट स्वतः राखेनं घासायचं आणि गोठ्याच्या भिंतीशी पालथं घालून यायचं. ते ताट घरात कधी जात नसे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं हे सगळं सोडलं. मान म्हणून पुन्हा खाली घालायची नाही, असं ठरवलं.

"वाकनं सोडावं म्हून तं दीक्षा घेतली," तो पोरावर भडकला, "आन तू पुन्हा वाकाले शिकवून राह्यला? कायले?"

"बा, इथं समोरचाबी वाकते. जेवढा आपन, तेवढाच तो."

"पाह्यल्याबिगर मी नाई मानत."

म्हातारा दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर येऊन बसला. रांगेत बबनरावांचा थोरला मुलगा जगदेव होता, कॉलेजात जाणारा, सिनेमा पाहून लाथांचं वेड लागलेला. हुकूम झाला आणि जगदेव देवमनपुढं कमरेत वाकला. भिवाजी बघतच राहिला. त्या दिवसापासून ऊन असो की थंडी, म्हाताऱ्याची पायरी चुकली नाही. लाथाबिथांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो फक्त ते वाकणं बघायला यायचा, आणि ते झालं की काठी घेऊन घरी जायचा.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात देवमननं मास्टर दौलतसिंगांना बोलावून दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. रिठद, किन्हीराजा या आसपासच्या गावांतूनही पोरं आली. शिबिराच्या शेवटी मास्टर त्याला काळा पट्टा बांधणार होते. मास्टरांनी आधीच बजावलं होतं, जेवायला तुझ्या घरी येणार. देवमनच्या आईनं, केशरबाईनं, घर सारवलं, शेजारून काचेचे गिलास आणले, बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला.

आणि पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रानंतर बबनराव आले. "मास्टर आमच्याकडं जेवतीन. तूबी ये, देवमन. तुमच्याकडं कुठं बसवतं इतक्या मोठ्या मानसाले?"

घर सारवलंय, स्वयंपाक झालाय, एवढंच सांगायचं होतं. पण देवमनच्या डोळ्यांपुढं दारातली वाहती नाली आली, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही ते छपराचं घर आलं. त्याला आपल्या घराची लाज वाटली, आणि तो "बरं जी" म्हणून मोकळा झाला. घरी त्यानं आईला ओझरतं सांगितलं. "बबनरावकडं?" एवढंच विचारून केशरबाईनं रश्श्यावर झाकण ठेवलं.

बबनरावांच्या ओसरीवर एकच पंगत बसली. मास्टर, जगदेव, मधे देवमन. कुणी त्याला वेगळं बसवलं नाही, हे कबूल करायलाच हवं. बबनरावांच्या बायकोनं, प्रयागबाईनं, सगळ्यांना सारखं वाढलं, देवमनला तर आग्रहानं एक पोळी जास्तच. जेवणं झाली, लोक हात धुवायला उठले. देवमनही उठला, आणि त्यानं आपलं ताट उचललं.

का उचललं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बंगलोरला त्यानं हे कधी केलं नव्हतं. पण लहानपणी बापाबरोबर तो याच अंगणात यायचा आणि बापाशेजारी बसून आपलं छोटं ताट घासायचा. पाय आपोआप गोठ्याकडं वळले. चुलीची राख कोपऱ्यात होतीच. त्यानं ताट घासलं, विसळलं आणि भिंतीशी पालथं घातलं. मग मान वर केली.

सगळी ओसरी त्याच्याकडं बघत होती. जगदेवच्या हातात तांब्या तसाच होता. मास्टरांना काही कळलं नाही, ते नुसतेच बघत होते.

"काहून धुतलं जी?" प्रयागबाई कशीबशी म्हणाली. "बाया होत्या ना घरात."

बबनराव मात्र मनापासून खूश झाले. "असू दे वं. भिवाजीचं वळन हाय पोरात. किती शिकला तरी इसरला नाई."

त्यांच्या लेखी ही शाबासकीच होती. देवमनला वाटलं, भुई दुभंगावी. शिवी दिली असती तर उत्तर तरी देता आलं असतं. शाबासकीला काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी समारोपाला विहारापुढं ही गर्दी. भिवाजी धुतलेलं धोतर नेसून पायरीवर. मास्टरांनी प्रात्यक्षिकासाठी देवमनसमोर जगदेवला उभं केलं आणि हुकूम दिला, "क्युंगने!"

देवमन कमरेत वाकला. जगदेवनं फक्त हनुवटी हलवली. मुद्दाम केलं असंही नाही. कालपासून त्याच्या कमरेला जणू तेवढंच वाकणं पुरेसं वाटू लागलं होतं. मास्टरांनी त्याला दरडावलं, तेव्हा तो पुन्हा नीट वाकला, जरा ओशाळला, हसला. पण पायरीवरची काठी वाजली होती. भिवाजी उठून चालू लागला. थोड्या वेळानं टाळ्या झाल्या आणि मास्टरांनी देवमनच्या कमरेला काळा पट्टा बांधला, तेव्हा पायरी रिकामी होती.

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले. केशरबाईनं वाढलं. कालचा रस्सा तिनं शेजाऱ्यांना वाटून टाकला होता.

"ताट धुतलं त्याच्याकडं?" भिवाजीनं विचारलं.

देवमनचा घास हातातच राहिला. "तुले कोनी सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? त्या पोराची कंबर पाह्यली ना म्या." म्हाताऱ्यानं भाकर मोडली. "धुवाले कोनी म्हनलं होतं का?"

"नाई, बा."

"म्हनलं असतं तं बरं होतं." एवढं बोलून भिवाजी खाली बघून जेवू लागला.

जेवण उरकलं. बापासमोरून कधी एकदा उठतो असं झालेल्या देवमननं घाईनं ताट उचललं. भिवाजीनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. गुडघ्यावर हात टेकत तो न्हाणीपाशी गेला, राख घेतली आणि पोराचं ताट घासू लागला. घासायची तऱ्हा तीच, विसळायचीही तीच. केशरबाई "मी हावो ना" म्हणत पुढं झाली, पण त्यानं ऐकलं नाही. ताट विसळून झालं, म्हाताऱ्याच्या हातानं ते सवयीनं पालथं केलं, आणि मग क्षणभर थांबून त्यानं ते उलटून सुलटं ठेवलं.

नवा काळा पट्टा खुंटीवर लटकत होता. देवमनला त्याच्याकडंही बघवेना आणि बापाकडंही.