हुडाचं तेल

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी.कॉम., सेकंड क्लास. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही, पण सारसोळ्यात आमच्या आळीत तेव्हा मी एकटाच होतो आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. त्याच अभिमानापायी मी एक नुकसान करून बसलो, ते सांगतो.

माझी धाकटी बहीण सातवीतून शाळेबाहेर पडली. आई मासळीची पाटी घेऊन नेरूळच्या बिल्डिंगांमधून फिरायची, तिच्या जोडीला दुसरी पाटी हवी होती. त्या दुसऱ्या पाटीवर माझी फी भरली गेली. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे. बाबांच्या मनात मात्र ते सलत असणार.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातला प्लॉट आमच्या नावावर झाला. बाबांनी तो बिल्डरला दिला, घरावर स्लॅब टाकला, होडीला नवं मशीन बसवलं, आणि उरलेल्या पैशांत एक दिवस गाडी आणली. परदेशी, लांबलचक, दोन दारांची. स्टिअरिंग डाव्या हाताला. वर पत्र्याच्या टपाऐवजी काळं कापड. बटण दाबलं की ते कापड लोखंडी कमानींसकट उठायचं आणि सावकाश मागे जाऊन घडी होऊन बसायचं. मुंबईच्या कुठल्याशा शेठने पंधरा-सोळा वर्षं वापरलेली गाडी.

शेजारचे काका ओट्यावरून ओरडले, "पैसं संपलं काय रं? टप नाय घेतला?"

"टप तुज्या घरावर घाल," बाबा म्हणाले, "गलतंय ते."

सगळे हसले. मग बाबा आईकडे वळून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला कालेज दिला. तिला काय दिला आपन? वैशाखात माजी पोर उगड्या गाडीतून सासरला जाईल. सगला गाव बगंल."

बहीण आत मासे साफ करत होती. तिने बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं आणि नाकाला पदर लावून हसली. हाताला खवलं होती म्हणून गाडीला हात लावला नाही.

पहिल्या महिन्यातच कळलं की गाडी पोसणं होडी पोसण्यापेक्षा जड आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकांच्या मागे दहा मिनिटं अडकली की काटा लालमध्ये जायचा आणि बॉनेटमधून वाफ. रेडिएटर काढून झाळून घेतला, तरी पाण्याचे दोन कॅन कायम मागच्या सीटखाली. काचा बटणावरच्या, डावी खाली गेली ती वर आलीच नाही. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली होती. खाडीच्या हवेने तर गाडीला आतून खाल्लं. पायाखालचा गालिचा उचलला तर पत्रा बिस्किटासारखा मोडला. टप नसलेल्या गाडीचा सगळा जोर खालच्या पत्र्यावर असतो, तो गंजला की बॉडी मधून वाकते, हे तेव्हा कळलं. दारं उचलून लावावी लागत. माझा पगार अठराशे होता. गाडीच्या एकेका दुखण्यात तो दोन-दोनदा बुडायचा.

गाडी बघायचे ते रबाळ्याचे एक मिस्त्री. उरणकडचे, वयाने बाबांएवढे. नेहमी कामं करायचे ट्रक-टेम्पोची, पण हातात जादू होती. मी त्यांना चाचा म्हणायचो. बाबांना ते शेठ म्हणून चिडवायचे.

"शेठ, ही गाडी नाय, ही सवत हाय. घरवालीला सांगितलंत का?"

"ती सांगल तवाच रबाल्याला आनतो."

शिमग्यानंतर हूड, म्हणजे ते वरचं कापडी छप्पर, जड चालू लागलं. अर्ध्यावर येऊन थांबायचं, मोटर घूं-घूं करत राहायची. चाचांनी मागचं अस्तर काढून दाखवलं: छोटासा पंप, त्याची टाकी, तिथून निघालेल्या बारीक नळ्या. हूड तेलाच्या दाबावर उठत होतं आणि टाकीत तेल उरलं नव्हतं.

"तेल कुठलं लागतं, ते मी अंदाजाने नाय घालनार," चाचा म्हणाले. "चुकलं तर आतले रबर जातील. किताब हाय ना गाडीची?"

किताब होती. बाबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत जपून ठेवली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "वाच रं. ग्राज्वेट हायस."

मी ती तोपर्यंत कधी उघडली नव्हती. उघडली. अक्षरं इंग्रजीचीच, पण शब्द एकही ओळखीचा नाही. जर्मन होती. अक्षरांवर दोन-दोन टिंबं पाहून मला पहिल्या पानावरच कळलं.

तेवढं सांगायचं होतं. "बाबा, ही इंग्रजी नाही." चार शब्द. चाचा काही हसले नसते. पण गॅरेजात आणखी दोन ड्रायव्हर उभे होते, बाबा माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी पानं उलटली. एका पानावर टाकीचं चित्र होतं, तसलीच टाकी मी ब्रेकच्या तेलाची पाहिली होती. मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "ब्रेक ऑइल."

"नक्की लिवलंय?"

"लिहिलंय ना चाचा."

त्या संध्याकाळी हूड असं झर्रकन उठलं की बाबांनी टाळी वाजवली. तीन आठवडे छान चाललं. मग एक दिवस मागच्या बाजूने तेल गळू लागलं, आणि हूड पसरलेल्या अवस्थेत, डोक्यावर, अडकलं ते अडकलंच. चाचांनी पंप खोलला. आतले रबर फुगून लिबलिबीत झाले होते, बोटाने तुटत होते.

"ब्रेकचं तेल चालतच नव्हतं ह्याला," चाचा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "कोन बोलला होता?"

मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणाले, "मीच बोल्लो. मनाच घाई झाली होती."

चाचा त्या दिवशी तिथेच होते. कोण बोललं होतं ते त्यांना आठवत होतं. तरी ते हात पुसत राहिले. नवा पंप आणि नळ्या परदेशातून मागवायच्या तर चाळीस हजार, आणि यायला तीन महिने. लग्नाला राहिले होते बारा दिवस.

लग्न दारातच लागलं. लग्नाची गाणी गाणारी धवलारीण दोन दिवस गात होती आणि नवरीच्या उघड्या गाडीची ओळ तिने गाण्यात आधीच बसवली होती. निघायच्या तासभर आधी बाबा आत गेले, जाळी कापायची सुरी घेऊन आले आणि गाडीवर चढले. मला वाटलं रागावलेत. तसं नव्हतं. जुनं जाळं कापताना ते जसे शिवण शोधत जातात, तशी त्यांनी कडेकडेने शिवण उसवली. कापडाचा एक मोठा तुकडा अख्खा सोडवला, नीट घडी घातली आणि आईकडे दिला. वर उरल्या नुसत्या लोखंडी कमानी. पापलेट खाऊन काटा उरावा तशी गाडी दिसत होती. आळीतलं कुणी हसलं नाही.

बहीण त्या कमानींखाली बसली, पायाशी पाण्याचे कॅन. स्टिअरिंगवर चाचा. मी दार उचलून लावलं. बोलायचं म्हणून वाकलो, "बाय, ते तेल..."

"माहीत हाय मना," ती हळूच म्हणाली. "आता नको. काजल पसरंल."

धवलारणीने ती ओळ होती तशीच गायली. गाडी दिघ्याच्या दिशेने, तिच्या सासरी निघाली.

पावसाळ्यात कमानींवर ताडपत्री टाकली, ती पुरली नाही. सीटांना बुरशी आली, खालचा पत्रा सुटला. दसऱ्याच्या आधी भंगारवाला लोखंडाच्या भावाने घेऊन गेला. बाबांनी किताब त्याला दिली नाही. ती पिशवीतून काढून त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही. मला त्यांनी एका शब्दानेही टोकलं नाही, जेवताना पहिल्यासारखेच बोलायचे, मोठा तुकडा माझ्याच ताटात टाकायचे.

दिवाळीनंतर घराच्या हद्दीबद्दल सरकारी पाकीट आलं, इंग्रजीत. मी दारात बसलो होतो. बाबांनी पोस्टमनकडून ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि चप्पल चढवली.

"कुठे?" मी विचारलं.

"शालंतल्या मास्तरकडं जाऊन येतो," ते म्हणाले, आणि माझ्या बाजूने अंग चोरून बाहेर पडले.